तिला घर माहीतच नव्हतं

२६ नोव्हेंबर २००८. मुंबईवरच्या हल्ल्याची ती तारीख कुणी विसरलेलं नाही. त्या दिवसांत पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातली कुत्रीही कामावर होती. मॅक्स, सुल्तान, टायगर आणि सीझर ही त्यांतली चार नावं. सीएसटी स्थानकात अतिरेक्यांनी मागे टाकलेले हातबॉम्ब सीझरनं वासावरून शोधून दिले. पेपरात फोटो आले, कौतुक झालं. पण मैत्रिणींनो, नोकरी संपल्यावर या चौघांचं पुढं काय झालं, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

ती विरारला गेली. प्राणिप्रेमी फिझा शाह यांच्या शेतघरी त्यांना आसरा मिळाला. वर्षानुवर्षं केनेलमध्ये राहिलेले, हुकमावर उठणारे-बसणारे हे म्हातारे शिपाई तिथं साध्या पाळीव कुत्र्यांसारखे राहू लागले. २०१६ साली मॅक्स, सुल्तान आणि टायगर काही महिन्यांच्या अंतरानं गेले. एकटा उरलेला सीझर उदास झाल्याच्या बातम्या आल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तोही गेला.

ते वाचून तेव्हा वाईट वाटलं होतं. पण केनेलमधल्या कुत्र्याला घर देणं म्हणजे नेमकं काय, हे कळलं ते तीन वर्षांपूर्वी, आमच्या यवतमाळच्या घरी मैना आली तेव्हा.

नाव नसलेली मैना

मैना पोलिसातली नव्हती आणि फौजेतलीही नव्हती. सात वर्षांची लॅब्राडोर कुत्री. तिची नोकरी एकच, पिल्लं देण्याची. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका माणसाचा जातिवंत कुत्र्यांची पिल्लं विकायचा धंदा होता. वय झालेल्या माद्या त्यानं ‘कोणी नेत असेल तर न्या’ म्हणून काढायला घेतल्या. आमच्या ओळखीच्या पशुवैद्यक डॉक्टरांच्या कानावर हे आलं आणि त्यांनी आम्हाला विचारलं. आमचं आधीचं कुत्रं म्हातारपणानं जाऊन वर्ष झालं होतं. आम्ही हो म्हटलं.

हे आणि डॉक्टर दोघं जाऊन तिला घेऊन आले. तिथलं सांगताना यांचा आवाज बसला होता. लोखंडी जाळीचे खण, एकाला लागून एक. खाली सिमेंट, वर पत्रा. खाणं, झोपणं, शी-शू, बाळंतपण सगळं तिथंच. पिल्लं बघायला येणारी गिऱ्हाईकं पुढच्या खोलीत बसत. तिथं टोपलीत गुबगुबीत पिल्लं, गळ्यात रिबिनी. मागच्या बाजूला कुणी डोकावत नसे. मैनेच्या कागदावर जात लिहिली होती, लशीच्या तारखा होत्या. नाव मात्र नव्हतं. मैना हे नाव आमच्या मुलीनं ठेवलं.

पायरीशी थांबली

पोळा होऊन आठेक दिवस झाले होते. मैना फाटकातून आत आली आणि ओट्याच्या पायरीशी थांबली. प्रवासानं थकली असेल असं आम्हाला वाटलं. डॉक्टर म्हणाले, “थकवा नाही हा. पायरी कशी चढतात ते तिला माहीतच नाही.” सात वर्षांत तिनं एकही पायरी पाहिली नव्हती.

उचलून आत घेतलं, तर गुळगुळीत टाइल्सवर चारी पाय चार दिशांना घसरले. वर पंखा फिरत होता, तो बघून ती जमिनीला चिकटली. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मैना दिवाणाखाली शिरली ती थेट दुसऱ्या दिवशी पहाटे, सगळे झोपेत असताना बाहेर आली. वाटीतलं पाणी प्यायली आणि परत आत.

शेजारच्या काकू बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, “काहून वं, आजारी कुत्री आणली काय तुम्ही?”

आपल्याला वाटतं, जाळीतून सुटका झाली, आता ही आनंदानं उड्या मारेल. जरा तिच्या बाजूनं बघा. सात वर्षं जी जागा तिची होती ती गेली. शेजारच्या खणातल्या सोबतिणी गेल्या. ओळखीचा वास गेला. ठरल्या वेळी खडखडणारी बादली गेली. वाईट का असेना, तेच तिचं जग होतं. सासरी पहिल्या दिवशी पाणी कुठं आहे हे विचारतानाही जीव कसा घाबरा होतो, ते आपल्याला कुणी सांगायला नको. आपल्याला निदान तिथली भाषा तरी येत असते.

असं का होतं?

याला कारण आहे. अमेरिकेतल्या जॉन स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या पिल्लांचा बरीच वर्षं अभ्यास केला आणि १९६५ साली तो पुस्तकरूपानं मांडला. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून बारा आठवड्यांचं होईपर्यंत जे जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला आपलं वाटू लागतं. माणसं, पोरंबाळं, भांड्यांचे आवाज, गाड्या यांची ओळख याच वयात झाली तर पुढं भीती कमी राहते. ज्या पिल्लाचे हे दिवस चार जाळ्यांच्या आत गेले, त्याला मोठेपणी साधी खुर्ची सरकली तरी संकट वाटतं.

पिल्लं काढण्यासाठी केनेलमध्ये ठेवलेल्या आणि नंतर घरात आलेल्या कुत्र्यांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. फ्रँकलिन मॅकमिलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,१६९ कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून घेतली. घरात वाढलेल्या कुत्र्यांपेक्षा यांच्यात भीती खूप जास्त दिसली. घरात घाण करणं, एकटक बघत राहणं, तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा करणं हेही जास्त होतं. पण एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. परक्यांवर धावून जाणं यांच्यात उलट कमी आढळलं. ही कुत्री रागीट नसतात, घाबरलेली असतात. घाबरलेल्याला ओरडलं की भीती दुप्पट होते, हे आपण लेकरांच्या बाबतीत रोजच बघतो.

आईंनी काहीच केलं नाही

आमच्या सासूबाईंना कुत्र्यांची आवड नाही. मैना यायच्या आधीच त्यांनी बजावून ठेवलं होतं, “मी तिले हात लावणार नाही, आताच सांगून ठेवतो.” आणि त्यांनी तो शब्द पाळला. रोज दुपारी त्या भिंतीला पाठ टेकून चटईवर बसायच्या आणि कापसाच्या वाती वळायच्या. मैनेकडं बघायच्या नाहीत, बोलावायच्या नाहीत. वाती वळता वळता स्वतःशीच काही पुटपुटायच्या.

आमच्या मुलांना मात्र तिला जवळ घ्यायची घाई. डॉक्टरांनी दोघांना बसवून समजावलं. समोरून जायचं नाही. वरून वाकायचं नाही. डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही. डोक्यावरून हात फिरवायचा नाही. खाली बसायचं, बाजू करून, आणि आपलं आपलं काम करायचं. खाऊ जरा दूर टाकायचा. ती आली तर आली.

दहाव्या का बाराव्या दिवशी मी स्वयंपाकघरातून बघते तर मैना दिवाणाखालून सरपटत निघाली आणि आईंच्या चटईच्या टोकाशी येऊन बसली. पोरांच्या हातात उकडलेलं अंडं होतं, माझ्या हातात भाकर होती. आईंच्या हातात नुसता कापूस! पण त्या घरात एकट्या अशा होत्या की ज्यांना तिच्याकडून काही नको होतं.

आईंनी मान वर केली नाही. हलक्या आवाजात मला म्हणाल्या, “बोलू नको. बसू दे तिले.”

पुढं मी वाचलं, जगभर हेच सांगतात. शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड कुत्रे घरात घेण्याची इंग्लंडमध्ये जुनी पद्धत आहे. त्यासाठीची संस्था १९७५ पासून काम करते. ते कुत्रेही केनेलमध्ये वाढलेले. जिना, काचेचं दार, आरसा हे सगळं त्यांना नवीन असतं. तिथं घर देणाऱ्यांना पहिला धडा हाच देतात की कुत्र्याला एक शांत कोपरा द्या आणि त्याला त्याच्या चालीनं येऊ द्या. आमच्या आईंनी ते पुस्तक न वाचताच केलं.

घड्याळ हाच मोठा आधार

केनेलमधल्या कुत्र्याला घरातली एकच गोष्ट लवकर समजते, ती म्हणजे वेळ. म्हणून आम्ही वेळा बांधून टाकल्या. सकाळी सहाला बाहेर, साडेसातला जेवण, पुन्हा बाहेर, दुपारी झोप, संध्याकाळी जेवण, रात्री दहाला शेवटची फेरी. कोण नेणार, कुठून नेणार, हेसुद्धा ठरलेलं. रोज तेच ते बघून तिला पुढं काय होणार ते कळायला लागलं, आणि कळायला लागलं तशी भीती उतरली.

घरात घाण करण्याचा त्रास झाला, तो होणारच. झोपायच्या जागीच सगळं करायची जिची सवय, तिला घराचं आतलं-बाहेरचं कसं कळावं? पहिला महिना दर दोन तासांनी, उठल्यावर लगेच आणि जेवल्यावर लगेच, तिला अंगणातल्या लिंबाखाली नेत होतो. तिथं केलं की त्याच क्षणी अंड्याचा तुकडा. आत केलं तर एक शब्द नाही, पुसून मोकळं व्हायचं. पुसताना साबणाचं पाणी आणि मग थोडं व्हिनेगर वापरावं म्हणजे वास जातो. फिनाइल टाळलं, कारण कुत्रं फरशी चाटतं, पाय चाटतं. दीड महिन्यात मैना लिंबाखाली आपणहून जायला लागली.

टाइल्सवर जुन्या सतरंज्या अंथरल्या, दिवाणापासून दारापर्यंत रस्ताच केला. पायऱ्या मुलीनं शिकवल्या. एका पायरीवर एक तुकडा, दोन दिवसांनी दुसऱ्या पायरीवर. तीन पायऱ्या चढायला तिला तीन आठवडे लागले. तिसऱ्या पायरीवर पोचली तेव्हा आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत, कारण टाळीनं ती खाली पळाली असती!

नवरात्रातली ती रात्र

आपल्या यवतमाळचा दुर्गोत्सव म्हणजे काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. गावभर देवी बसतात, रोषणाई, बँड, ढोल, बाहेरगावाहून लोक बघायला येतात. मैनेला येऊन जेमतेम महिना झाला होता. घटस्थापनेच्या संध्याकाळी हे तिला नेहमीच्या वेळी गल्लीत घेऊन निघाले, आणि कोपऱ्यावरून देवीची मिरवणूक आली. ढोलाचा पहिला ठोका पडला. मैना मागच्या मागे सरकली, मान आक्रसली, पट्टा डोक्यातून निसटला आणि ती अंधारात दिसेनाशी झाली.

रात्री एकपर्यंत शोधलं. हाका मारल्या नाहीत. घाबरलेलं कुत्रं हाकेनं आणखी लांब पळतं, आणि तिला नाव तरी कुठं नीट ठाऊक होतं! मुलगी रडून रडून झोपली. आईंनी फाटक उघडं ठेवायला लावलं, तिची रोजची सतरंजी फाटकात टाकली, वर आपली चटई अंथरली. सकाळी पाचला बघितलं तर आई तिथंच शाल पांघरून बसल्या होत्या.

मैना सापडली ती आमच्यापासून चार घरं सोडून, एका अर्धवट बांधकामात. कच्ची सिमेंटची जमीन, दोन बाजूला विटांची भिंत, तिसऱ्या बाजूला लोखंडी सळ्यांची जाळी उभी करून ठेवलेली. तिला तिच्या जुन्या खणासारखी जागा सापडली होती. त्या कोपऱ्यात ती अंगाचं मुटकुळं करून बसली होती. बघून माझ्या पोटात तुटलं. महिनाभर आम्ही गाद्या घातल्या, अंडी खाऊ घातली, आणि जीव घाबरल्यावर तिला आठवली ती जाळीच.

जवळ गेलो नाही. मी लांब खाली बसले. हे घरी जाऊन आईंना घेऊन आले. गुडघे दुखत असताना आई विटांवर बसल्या आणि पदराच्या गाठीतून कापूस काढून वाती वळू लागल्या. वीस मिनिटं गेली असतील. मैना उठली, आली आणि आईंच्या पायाशी पडली. ज्यांनी तिला हात लावणार नाही असं सांगितलं होतं, त्या आईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर बाहेर नेताना मानेचा पट्टा आणि छातीचा पट्टा, दोन्ही लावले. दोघांना एकच दोरी जोडलेली. एक निसटला तरी दुसरा राहतो. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला अडकवला. नवरात्राचे उरलेले दिवस फेऱ्या पहाटे आणि भर दुपारी. दिवाळीत खिडक्या बंद, रेडिओ चालू आणि दिवाणाखाली तिची जागा मोकळी. लपायचं असेल तर लपू द्यावं. ओढून बाहेर काढू नये.

अंगात किती साठलेलं असतं

अशा मादीची तब्येत आधी बघायला हवी. मैनेची नखं वाढून वळली होती, कोपरांना सिमेंटवर झोपून घट्टे पडले होते, दात किडले होते, कानात गोचीड होते. गोचिडांपासून ताप येतो आणि तो जिवावर बेततो, म्हणून रक्त तपासून घेतलं. जंताचं औषध, रेबीजची लस हे तर ठरलेलंच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गर्भाशय. नसबंदी न झालेल्या वयस्कर कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत ती खूप पाणी प्यायला लागली, खाणं सोडलं, मागून घाण स्राव येऊ लागला किंवा पोट फुगलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कधी कधी बाहेर स्राव दिसतही नाही. मैनेचं वजन जरा भरल्यावर आम्ही शस्त्रक्रिया करून घेतली. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. अवघड दुखणं असेल तर आपल्या विदर्भात नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. माणसांची दुखण्याची गोळी मात्र कुत्र्याला कधीही देऊ नये, पॅरासिटामॉलसुद्धा नाही.

“ही कायच्या कामाची?”

मैना भुंकत नाही. पहिल्या वर्षात आम्ही तिचा आवाज ऐकला नाही. दूधवाले दादा एकदा म्हणाले, “ताई, भुकत नाही, राखण करत नाही, पिल्लंही देत नाही आता. मंग ही कायच्या कामाची?”

त्यांनी ते सहज विचारलं. पण तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. काम संपलं की किंमत संपली, हा हिशेब आपण बायकांनी किती वेळा ऐकलेला असतो! घरासाठी जन्मभर राबलेल्या म्हातारीबद्दलसुद्धा “आता बसूनच असते” असं बोलणारी माणसं आहेत.

हा हिशेब मोठमोठ्या ठिकाणीही चालत असे. आपल्या लष्करातली निवृत्त कुत्री इंजेक्शन देऊन मारली जात, हे २०१५ साली माहितीच्या अधिकारातून उघड झालं. लोकांनी आवाज उठवला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि धोरण बदलायची वेळ आली. अमेरिकेत लष्करी कुत्र्यांना निवृत्तीनंतर घरी देता यावं यासाठी २००० साली कायदा करावा लागला. तिथल्या व्हर्जिनिया राज्यात प्रयोगशाळांसाठी बीगल कुत्रे पैदा करणारं एक मोठं केंद्र २०२२ साली बंद झालं आणि सुमारे ४,००० बीगल घरोघरी गेले. आपल्याकडं नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्ली मेट्रोवर पहारा देणाऱ्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलानं आपल्या सात कुत्र्यांना समारंभ करून निरोप दिला आणि प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडं सोपवलं. म्हणजे हिशेब बदलू शकतो.

मैनेसारख्या माद्यांचा मात्र ना समारंभ होतो, ना पेपरात फोटो येतो. त्यांच्यासाठी आपण ग्राहकच काही करू शकतो. केंद्र सरकारनं २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम केले. पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करावी लागते. दीड वर्षाच्या आतल्या किंवा आठ वर्षांवरच्या मादीकडून पिल्लं घ्यायची नाहीत. वर्षात एकापेक्षा जास्त वेळा नाहीत, आणि जन्मात पाचपेक्षा जास्त वेळा नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही.

नियम कागदावर आहेत. ते जाळीपर्यंत पोचवायचे असतील तर पिल्लू घ्यायला जाणाऱ्या बाईनं दोन प्रश्न विचारावेत. नोंदणीचा कागद कुठं आहे? आणि हिची आई कुठं आहे, आम्हाला तिला बघायचंय. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. पिल्लू कितीही गोड असो.

केनेलमधलं कुत्रं घरी आणताना

• येण्याआधी एक शांत कोपरा तयार ठेवा. तो कोपरा फक्त तिचा. तिथं मुलांनी जायचं नाही.

• पहिल्या आठवड्यात पाहुणे, अंघोळ, बाजारात फिरवणं हे सगळं टाळा.

• आधीचं खाणं विचारून घ्या. तेच आठवडाभर द्या, मग हळूहळू बदला. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कधीच देऊ नका.

• खाताना आणि झोपेत असताना तिला हात लावू नका. हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगा.

• एकदम तासन् तास एकटं सोडू नका. आधी पाच मिनिटं, मग दहा, असं वाढवा.

• जमलं तर तिला शांत स्वभावाच्या दुसऱ्या कुत्र्याची सोबत द्या. केनेलमधली कुत्री माणसापेक्षा कुत्र्याकडून लवकर शिकतात.

• आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि अंधार पडल्यावरच बाहेर न्या. डांबरावर आपला हात उलटा ठेवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर तिच्या पायांनाही सोसत नाही.

• दात किंवा नख लागलं तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडून लस घ्या. घरचं कुत्रं आहे म्हणून टाळू नका.

• तीन दिवसांत, तीन आठवड्यांत काही दिसलं नाही म्हणून परत करू नका. कुणाला तीन महिने लागतात, कुणाला वर्ष.

मैना आता दहा वर्षांची आहे. अजूनही ती कुकरच्या शिट्टीला दचकते. अनोळखी माणूस आला की दिवाणाखाली जाते. ढोल वाजला की थरथरते. काही भीती तिच्यासोबत शेवटपर्यंत राहील, असं डॉक्टर सांगतात, आणि आम्ही ते मान्य केलंय. सगळं पुसून टाकणं आपल्या हातात नसतं. घर मिळालं म्हणून तिनं आनंदी दिसलंच पाहिजे, अशी अट आपण का घालावी?

मैत्रिणींनो, कुत्रं पाळायचा विचार कुणाच्या घरी चालू असेल, तर पिल्लाच्या आधी एकदा अशा मोठ्या कुत्र्याचा विचार करा. आपल्या पशुवैद्यकांना विचारून ठेवा, त्यांच्या कानावर अशा गोष्टी येत असतात. तुमच्याकडं मोठं अंगण नसलं तरी चालेल, महागडं खाणं नसलं तरी चालेल. वेळ मात्र भरपूर लागेल. आणि घरात एखादी वाती वळणारी आजी असेल, तर निम्मं काम झालंच म्हणून समजा.